अंगावर पिणारे मासे : डिस्कसच्या घरगुती पैदाशीचा इतिहास

या मालेत आपण एरवी राजे, किल्ले, बाजारपेठा, पोथ्या यांच्याबद्दल बोलतो. आज एका माशाबद्दल बोलायचं आहे. विषय सांगितल्यावर आयोजकांनी मला विचारलं, "हा इतिहास आहे की प्राणिशास्त्र?" मी म्हटलं, इतिहासच आहे. एखादी गोष्ट माणसांच्या डोळ्यांसमोर असूनही त्यांना बरीच वर्षं का दिसली नाही, हा प्रश्न इतिहासाचाच असतो.

मासा आहे डिस्कस. ज्यांच्या घरी फिशटँक आहे त्यांना नाव सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगतो. ताटलीसारखा गोल, दोन्ही बाजूंनी चपटा, पूर्ण वाढला की वीतभर होणारा हा गोड्या पाण्यातला मासा. मूळचा ॲमेझॉनच्या खोऱ्यातला. अंगावर नऊ उभे पट्टे. बाजारात आज निळे, लाल, पिवळे, पांढरे असे कितीतरी रंग मिळतात, पण ते सगळे माणसाने घडवलेले. रानातला मासा बहुधा तपकिरी, हिरवट किंवा निळसर असतो.

या माशाला शास्त्रीय नाव मिळालं १८४० साली. आणि त्याची पिल्लं पहिले काही दिवस नेमकं काय खातात, हे शास्त्रीय नियतकालिकात नीट मांडलं गेलं १९५९ साली. मध्ये ११९ वर्षं गेली. आजचं व्याख्यान या ११९ वर्षांबद्दल, आणि त्यानंतर आपण त्या माहितीचं काय केलं याबद्दल.

पण सुरुवात माझ्या घरापासून करतो, कारण ही चूक मीही केली आहे.

२००५ची गोष्ट. तेव्हा आम्ही डोंबिवलीला राहायचो. भारनियमनाचे दिवस. माझ्याकडे डिस्कसची एक जोडी होती, आणि एका रविवारी संध्याकाळी त्यांनी टँकमधल्या मातीच्या उभ्या कुंडीवर अंडी घातली. शंभर-दीडशे तरी असतील. मी ज्या दुकानातून मासे आणले होते तिथे विचारलं. उत्तर मिळालं, "अंडी लगेच काढा, आईबाप खाऊन टाकतात. वेगळ्या भांड्यात ठेवा, हवा सोडा, निळं औषध टाका." निळं औषध म्हणजे मिथिलीन ब्ल्यू, बुरशी लागू नये म्हणून. मी तसंच केलं. दिवे गेले की हीटर बंद पडायचा, म्हणून भांड्याभोवती जुनी गोधडी गुंडाळली. अडीच दिवसांनी अंडी फुटली. आणखी तीन दिवसांनी पिल्लं पोहायला लागली. मला वाटलं, जिंकलो.

मग मी त्यांना उकडलेल्या अंड्याचा बलक कापडातून गाळून दिला, बाजारातली पिल्लांची पूड दिली. काही खाल्लं नाही. भांड्याच्या काचेला तोंड लावून ती नुसती फिरत होती, काहीतरी शोधत असल्यासारखी. चौथ्या दिवशी सकाळी भांड्याच्या तळाशी सगळी पांढरी पडलेली होती. एकही उरलं नव्हतं.

माझी आई बघत होती. ती कोकणातली, लहानपणी घरी गाई-म्हशी. ती एवढंच म्हणाली, "अरे, वासराला पहिला चीक नाही मिळाला तर ते धरत नाही. पहिला चीक वासराचा, उरला तर आपला खरवस." मला तेव्हा हसू आलं. माशाला कुठलं आलंय दूध? पण नंतर वाचायला लागलो तेव्हा कळलं, की आईने एका वाक्यात जे सांगितलं त्या जागी पोहोचायला मत्स्यशास्त्राला शतकाहून जास्त काळ लागला होता.

आता मुख्य गोष्टीकडे येऊ.

१८१७ साली ऑस्ट्रियाची राजकन्या लिओपोल्डिना हिचं लग्न पोर्तुगालचा युवराज दोम पेद्रो याच्याशी झालं. पोर्तुगालचा दरबार त्या काळात ब्राझीलमध्ये होता. या लग्नाचं निमित्त साधून व्हिएन्नाहून शास्त्रज्ञांची एक मोहीम ब्राझीलला गेली. तिच्यात योहान नॅटरर नावाचा एक संग्राहक होता. बाकीचे बरेचसे काही वर्षांत परतले. नॅटरर मात्र १८३५ पर्यंत तिथेच राहिला. अठरा वर्षं. पक्षी, प्राणी, मासे, आदिवासींच्या वस्तू, जे मिळेल ते जमवत राहिला. त्याने पाठवलेल्या माशांचा अभ्यास व्हिएन्नात योहान याकोब हेकेल या शास्त्रज्ञाने केला आणि १८४० मध्ये ब्राझीलच्या नद्यांतल्या नव्या माशांवर प्रबंध प्रसिद्ध केला. त्यात रिओ नेग्रो नदीतला हा गोल मासा होता. नाव दिलं सिम्फिसोडॉन डिस्कस. पहिला शब्द जबड्याच्या मधोमध असलेल्या दातांवरून, दुसरा ताटलीसारख्या आकारावरून.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. हेकेलच्या टेबलावर आलेला मासा मद्यार्कात बुडवलेला होता. मेलेल्या माशाचे दात मोजता येतात, खवले मोजता येतात, पट्टे मोजता येतात. तो पिल्लांना कसा वाढवतो हे मोजता येत नाही. पुढे १९०४ साली पॅरिसच्या जाक पेलग्रँने याच माशाचा आणखी एक प्रकार नोंदवला, तोही बाटलीतल्या नमुन्यांवरून. म्हणजे पहिली साठ-सत्तर वर्षं विद्वानांच्या दृष्टीने डिस्कस हा एक आकार होता. त्याचं वागणं कोणाला माहीतच नव्हतं. यात कोणाचा दोष नाही. साधनच तसं होतं.

जिवंत डिस्कस युरोप-अमेरिकेतल्या काचेच्या टाक्यांत यायला लागले ते विसाव्या शतकात, दोन महायुद्धांच्या मधल्या काळात. जहाजाने, डब्यांतून, आठवडेच्या आठवडे प्रवास करत. बरेच वाटेतच मरायचे. जे पोहोचायचे त्यांची किंमत भरमसाट. खरी गर्दी झाली दुसऱ्या महायुद्धानंतर, विमानाने माल जायला लागला आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत प्राणवायू भरून मासे पाठवता यायला लागले तेव्हा.

आता जिवंत मासा समोर आला म्हणजे प्रश्न सुटायला हवा होता. तो सुटला नाही, आणि त्याचं कारण दुसऱ्या एका माशात आहे. तो म्हणजे एंजल. आपल्याकडे कुठल्याही फिशटँकच्या दुकानात मिळणारा, लांब परांचा त्रिकोणी मासा. डिस्कस आणि एंजल दोघेही सिक्लिड कुळातले, दोघेही ॲमेझॉनचे, दोघेही उभ्या पानावर किंवा फांदीवर अंडी घालणारे. एंजलची टाकीतली पैदास डिस्कसच्या आधीच जमली होती. त्यातून पैदास करणाऱ्यांमध्ये एक रीत पक्की झाली. अंडी घातली की पान कापून बाहेर काढायचं, वेगळ्या भांड्यात ठेवायचं, बाजूला हवेचे बुडबुडे सोडायचे. आईबाप अंडी खातात, म्हणून त्यांना दूर ठेवायचं. एंजलच्या बाबतीत ही रीत उत्तम चालते. पिल्लं पोहायला लागली की त्यांना बारीक जिवंत खाद्य द्यायचं, ती खातात आणि वाढतात.

त्या खाद्याचाही एक छोटा इतिहास आहे. खाऱ्या सरोवरांत आर्टेमिया नावाचा एक इवलासा कवचधारी जीव असतो. त्याची अंडी वाळवून डब्यात ठेवता येतात. कोमट खाऱ्या पाण्यात टाकली की साधारण एका दिवसात फुटतात आणि टाचणीच्या टोकाएवढे नारिंगी जीव पोहायला लागतात. माशांच्या पिल्लांना हे खाद्य चालतं, हे सॅन फ्रान्सिस्कोच्या ॲल्विन सीलने १९३३ साली छापलं. पुढे नॉर्वेत रोलेफसेननेही तेच दाखवलं. आज जगभरातली कितीतरी मत्स्यशेती याच आर्टेमियावर उभी आहे. तेव्हा एकीकडे अंडी काढायची रीत होती आणि दुसरीकडे डब्यातून मिळणारं जिवंत खाद्य. पैदास करणाऱ्याला वाटणारच, की आता आईबापांची गरज उरली नाही.

डिस्कसवर हीच रीत लावली गेली, आणि पिल्लं मेली. माझी मेली तशीच. मग लोक पाण्याला दोष देऊ लागले. तो दोष पूर्ण खोटाही नव्हता. रिओ नेग्रोचं पाणी पावसाच्या पाण्याइतकं हलकं, चहासारखं तपकिरी आणि आम्लयुक्त असतं. जड पाण्यात डिस्कसची अंडी फलित होण्याचं प्रमाण घसरतं. बोअरच्या पाण्यावर डिस्कस वाढतो, पण अंडी बऱ्याचदा पांढरी पडतात. त्यामुळे पाणी सुधारलं की अंडी फुटायची. माणसाला वाटायचं, वाट बरोबर आहे. आणि पोहायला लागल्यावर तीन-चार दिवसांत पुन्हा सगळी पिल्लं तळाशी.

माझ्या आजच्या बोलण्याचा मुद्दा इथे आहे. पिल्लं कशावर जगतात हे बघायला ती आईबापांजवळ असायला हवीत. आणि पिल्लं वाचवायची म्हणून जी पद्धत वापरली जात होती, तिचं पहिलंच पाऊल होतं पिल्लांना आईबापांपासून तोडणं. म्हणजे पद्धतीनेच पुरावा नाहीसा केला होता. जितकी काळजी जास्त, तितकं सत्य लांब. इतिहासात अशी उदाहरणं पुष्कळ आहेत. अपयश येतं तेव्हा आपण पद्धतीवर संशय घेत नाही, तीच पद्धत आणखी कसोशीने करतो.

ज्यांच्याकडे अंडी काढायची राहून गेली, किंवा ज्यांनी मुद्दाम काढली नाहीत, त्यांना काय दिसलं? तर हे.

अंडी घातल्यावर नर आणि मादी दोघेही आळीपाळीने परांनी वारा घालतात. मेलेली अंडी तोंडाने उचलून टाकतात. अडीच दिवसांनी अंडी फुटली की पिल्लं डोक्यावरच्या चिकट धाग्यांनी तिथेच लटकून शेपट्या हलवत राहतात. एखादं खाली पडलं तर आईबाप तोंडात धरून परत चिकटवतात. या काळात दोघांचाही रंग गडद होत जातो. मग साधारण पाचव्या-सहाव्या दिवशी पिल्लं सुटतात आणि सरळ आईच्या किंवा बापाच्या अंगाकडे जातात. दाट ढगासारखी अंगाला बिलगतात आणि अंगावरचा बुळबुळीत थर टोचून-टोचून खायला लागतात. आई दमली की अंगाला एक झटका देते, पिल्लं सुटी होतात आणि शेजारी थांबलेल्या बापाच्या अंगाला जाऊन लागतात. थोड्या वेळाने बाप परत देतो. अशी पाळी दिवसभर चालते.

मराठीत आपण तान्ह्या बाळाबद्दल म्हणतो, "अंगावर पितं." या माशाला हा शब्द जसाच्या तसा लागू पडतो. फरक एवढाच, की इथे बापसुद्धा पाजतो.

ही गोष्ट हौशी पाळणाऱ्यांच्या वर्तुळात १९५०च्या दशकात फिरायला लागली होती. घरातल्या टाक्यांत ती दिसत होती. पण दिसणं आणि सिद्ध होणं यात अंतर असतं. ते अंतर कापलं विल्यम हिल्डेमन या अमेरिकन शास्त्रज्ञाने. गंमत बघा, तो मत्स्यशास्त्रज्ञ नव्हता. शरीराची प्रतिकारशक्ती हा त्याचा मुख्य विषय. १९५९ साली त्याने 'अमेरिकन नॅचरलिस्ट' या नियतकालिकात निबंध लिहून दाखवलं, की डिस्कसची पिल्लं खरोखरच आईबापांच्या त्वचेतून पाझरणाऱ्या स्रावावर वाढतात. निबंधाच्या मथळ्यातच त्याने या संगोपनाला 'एकमेव' म्हटलं.

पुढच्याच वर्षी, १९६० साली, वॉशिंग्टनच्या लेनर्ड शुल्ट्झने डिस्कसच्या प्रकारांची नव्याने मांडणी केली. ती छापून आली कुठे? 'ट्रॉपिकल फिश हॉबिस्ट' या हौशी लोकांच्या मासिकात. तपकिरी डिस्कसला त्याने जे नाव दिलं ते या मासिकाचे संस्थापक हर्बर्ट ॲक्सेलरॉड यांच्या आडनावावरून. प्रयोगशाळा आणि घरातली टाकी यांच्यात त्या काळी किती कमी अंतर होतं, हे यावरून कळतं.

मग प्रश्न आला, हा स्राव सुरू कसा होतो? १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला ऑस्कर रिडल याने कबुतरांवर काम करताना एक संप्रेरक वेगळं ओळखलं होतं आणि त्याला प्रोलॅक्टिन नाव दिलं होतं. कबुतरं पिल्लांना गळ्यातल्या पिशवीतून दुधासारखा पदार्थ भरवतात, तो या संप्रेरकामुळे तयार होतो. सस्तन प्राण्यांत दूध तयार होतं ते याच संप्रेरकामुळे. १९६५ साली ब्ल्यूम आणि फीडलर या जर्मन संशोधकांनी डिस्कसला प्रोलॅक्टिन टोचून पाहिलं. त्वचेतला स्राव वाढला. म्हणजे गाय, कबुतर आणि डिस्कस यांचं नातं दूरचं असलं, तरी पिल्लाला अंगातून काहीतरी द्यायचं म्हटलं की शरीर एकाच निरोप्याला बोलावतं.

इथपर्यंतची गोष्ट सरळ आहे. माहिती मिळाली, आता लोक आईबापांजवळ पिल्लं ठेवतील, असं वाटतं. तसं पूर्ण झालं नाही. इतिहास इथे एक वळण घेतो.

जर्मनीत बाड होमबुर्गला एडुआर्ड श्मिट-फॉक नावाचे डॉक्टर होते. पेशाने स्त्रीरोगतज्ज्ञ, आणि छंद डिस्कसचा. त्यांनी वर्षानुवर्षं निवड करून रंगीत डिस्कस घडवले. अमेरिकेत जॅक वॉटली यांनी तेच केलं. त्यांचे फिरोजी रंगाचे डिस्कस जगभर गाजले. वॉटली यांचं दुसरं नाव झालं ते कृत्रिम संगोपनासाठी. त्यांची पद्धत साधी पण जीवघेण्या मेहनतीची. उथळ पसरट भांड्यात पिल्लं ठेवायची. अंड्याच्या बलकाचा घट्ट लगदा करायचा आणि भांड्याच्या कडेला, पाण्याच्या रेषेवर, पातळ थर फासायचा. पिल्लं आईच्या अंगाला लागावीत तशी त्या थराला लागतात. थोड्या वेळाने उरलेला बलक आणि घाण काढून सगळं पाणी बदलायचं, कारण बलकाने पाणी लगेच नासतं. मग पुन्हा थर. दिवसातून कितीतरी वेळा, रात्री-अपरात्री उठून.

आता मला माझी चूक नीट कळली. मी बलक दिला होता, पण पाण्यात विरघळवून. डिस्कसच्या पिल्लाला पाण्यात तरंगणारं खाद्य शोधायचं नसतं. त्याला एक पृष्ठभाग हवा असतो, टोचायला. माझी पिल्लं काचेला तोंड लावून फिरत होती ती आईचं अंग शोधत होती.

वॉटलींसारखे लोक हा खटाटोप का करत होते? त्यांना आईबापांचं महत्त्व कळलं नव्हतं असं नाही. कारणं खरी होती. काही जोड्या दर खेपेला अंडी खातात. शिवाय आईबापांच्या अंगावरून आणि कल्ल्यांतून कृमी थेट पिल्लांत जातात. एका बाजूला आईचं दूध, दुसऱ्या बाजूला आईचाच रोग. आणि तिसरी गोष्ट पैसा. एका जोडीकडून जितकी जास्त अंडी, तितका फायदा. पिल्लं वाढवण्यात तीन आठवडे गेले तर जोडी तेवढे दिवस पुन्हा अंडी घालत नाही.

यावर एक मधली वाट निघाली, ती आपल्याला ओळखीची वाटेल. चांगली जोडी अंडी खात असेल तर तिची पिल्लं दुसऱ्या, शांत स्वभावाच्या जोडीला लावायची. तिच्या अंगावर तिची स्वतःची पिल्लं असतानाच ही सोडायची. तीही सांभाळली जातात. आपल्याकडे जिला दूधआई म्हणायचे, तसंच हे.

पुढे पैदाशीचं केंद्र पूर्वेकडे सरकलं. थायलंड, मलेशियातलं पेनांग, हाँगकाँग, सिंगापूर. १९९१ साली सिंगापूरच्या अॅक्वारामा प्रदर्शनात बँकॉकचा एक नवा डिस्कस आला, फिकट अंगावर लालसर-नारिंगी नक्षी असलेला, 'पिजन ब्लड'. आजच्या बहुतेक लाल-पिवळ्या डिस्कसचा हा पूर्वज. पण या माशात एक अडचण निघाली. मघाशी मी म्हटलं, की पिल्लं सुटायच्या वेळी आईबापांचा रंग गडद होतो. पिल्लं गडद आकाराकडे जातात. पिजन ब्लडच्या अंगावर पट्टे नाहीत, आणि त्याला तसं गडद होता येत नाही. मग पिल्लं आईबापांऐवजी काळ्या फिल्टरकडे, हीटरकडे, टाकीच्या अंधाऱ्या कोपऱ्याकडे जातात आणि उपाशी मरतात. हा पैदास करणाऱ्यांचा सार्वत्रिक अनुभव. म्हणून असे मासे ज्या टाकीत ठेवतात तिच्या बाजू आणि तळ फिकट रंगाचे करतात, आतली काळी वस्तू काढून टाकतात. आपल्याला रंग हवा होता, तो मिळाला. पण त्या रंगासाठी जे पुसलं गेलं ती पिल्लांसाठी आईची खूण होती.

२०१० साली या विषयावरचं एक फार सुंदर काम प्रसिद्ध झालं. इंग्लंडमधल्या प्लिमथ विद्यापीठातले जोनाथन बकली, तसंच कॅथरीन स्लोमन आणि त्यांचे ब्राझीलमधले सहकारी यांनी ठरावीक दिवशी आईबापांच्या अंगावरचा थर घेऊन तपासला. अंडी घातल्यापासून त्यातली प्रथिनं आणि प्रतिपिंडं, म्हणजे रोगाशी लढणारे घटक, वाढलेले दिसले. पिल्लं अंगावर पीत असेपर्यंत ते तसेच राहिले आणि तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास उतरले. आणि वागणूक? पहिले दोन आठवडे आईबाप पिल्लांना सोडत नाहीत. तिसऱ्या आठवड्यात ते थोडा वेळ पोहून लांब जायला लागतात. पिल्लं मागे येतात, हे पुन्हा लांब जातात. हळूहळू पिल्लं दुसरीकडे अन्न शोधायला लागतात. आपण याला काय म्हणतो? अंगावरचं तोडणं. म्हणजे पाजण्याचाच नाही, तोडण्याचाही यांना काळ आहे.

माझ्या आईचा चीक इथे परत येतो. चिकात असतात ते हेच, प्रतिपिंडं. आपल्याकडे खरवस आवडीने खाणारी घरं होती, वासराला पहिला चीक पाजायचा हे गोठ्यात पक्कं ठाऊक होतं. आणि त्याच घरांत कित्येक ठिकाणी बाळंतिणीचं पहिलं पिवळसर दूध खराब म्हणून पिळून टाकायची पद्धत होती. वासराला जे द्यायचं ते बाळाला नाही. गोठ्यातलं ज्ञान माजघरात पोहोचलं नव्हतं. म्हणून डिस्कसवाल्यांना हसायचं कारण नाही. 'स्वच्छ' आणि 'सुरक्षित' यांच्या नावाखाली माणूस काय तोडून टाकतो, हे त्याला बऱ्याचदा कळत नाही.

आणखी एक गोष्ट, आपल्या किनाऱ्याची. हिल्डेमनने या संगोपनाला 'एकमेव' म्हटलं होतं. ते फार दिवस टिकलं नाही. १९६७ साली वॉर्ड आणि बार्लो या अमेरिकन संशोधकांनी एट्रोप्लस मॅक्युलेटस या माशाच्या पिल्लांचा अभ्यास छापला. ही पिल्लंही आईबापांच्या अंगाला घासून, टोचून त्यांचा स्राव खातात. डिस्कसइतकी पूर्ण अवलंबून नसतात, पण खातात. हा मासा ॲमेझॉनचा नाही. तो दक्षिण भारताच्या आणि श्रीलंकेच्या खाड्यांतला, नारिंगी रंगाचा, तळहातात मावणारा. त्याचाच मोठा भाऊबंद म्हणजे गोव्यात ज्याला काळुंदर म्हणतात आणि केरळात करीमीन, तो. आपण तळून खातो त्या माशाच्या घराण्यात हा गुण आहे, आणि आपण तो शिकलो ब्राझीलच्या माशावरून.

आता शेवटाकडे येतो. घरी डिस्कसची पिल्लं वाढवणारे काही जण समोर बसलेत, त्यांचे प्रश्न मला माहीत आहेत. इतिहासातून निघणारी चार कामाची वाक्यं सांगतो.

अंडी दिसली की टाकीत हात घालायचा मोह आवरा. नवी जोडी पहिल्या दोन-तीन खेपांना अंडी खाते, तिला शिकू द्या. फारच खात असेल तर अंड्यांभोवती जाळी लावा, म्हणजे वारा घालता येईल पण तोंड पोहोचणार नाही. टाकी मोकळी ठेवा, आत आईबापांपेक्षा गडद काही नको. पिल्लं सुटायच्या दिवसांत रात्री मंद दिवा राहू द्या. पाणी २८ ते ३० अंशांवर ठेवा. पिल्लं अंगाला लागली की चार-पाच दिवसांनी आर्टेमिया सुरू करा, पण अंगावरचं चालू ठेवूनच. आणि वेगळी कधी करायची? दोन ते तीन आठवड्यांनी. आईबापच पोहून लांब जायला लागतात. त्यांच्याकडे बघा, ते सांगतात.

माझं पुढे काय झालं तेही सांगतो, नाहीतर प्रश्नोत्तरांत कोणीतरी विचारेलच. त्याच जोडीने पुढच्या महिन्यात पुन्हा अंडी घातली. मी हात लावला नाही. त्यांनी ती खाल्ली. त्यानंतरच्या खेपेला थोडी वाचली, पिल्लं सुटली आणि त्याच रात्री तीन तास दिवे गेले. मी आणि आई गरम पाण्याच्या बाटल्या टाकीत सोडत बसलो होतो, बॅटरीच्या उजेडात. पहाटे दिवे आले तेव्हा बापाच्या अंगावर पिल्लांचा पुंजका होता. मोजली नाहीत, आईने मोजू दिली नाहीत. दृष्ट लागते म्हणाली. महिन्याने मोजली तेव्हा एकतीस होती.

११९ वर्षांचा हिशेब मी सुरुवातीला मांडला. विद्वानांनी बाटलीतला मासा पाहिला, व्यापाऱ्यांनी किंमत पाहिली, माझ्यासारख्यांनी अंडी पाहिली. ज्यांनी नुसतं टाकीसमोर बसून वाट पाहिली, त्यांना ते दिसलं. इतिहासाचा अभ्यास करतानाही मला हे उपयोगी पडतं. एखादी गोष्ट वाचवायला धावण्याआधी ती कशावर जगते आहे, हे बघायला थोडं थांबावं लागतं.

आता प्रश्न विचारा.